खिळ्यावरची किल्ली

मार्गशीर्षातला रविवार होता. सकाळी नऊच्या सुमारास मामा लातूरच्या घरी आले, खांद्याला शबनम आणि हातात तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी. शेंगा उकडायला ठेवल्या, चहा झाला, रानाचं बोलणं झालं, आणि मग कपबशी खाली ठेवत मामा म्हणाले, "बुधवारी तुझी गाडी पायजे होती रे. उदगीरकडं जायचंय, नातीच्या सोयरिकीसाठी घर बघायला. चार-पाच माणसं आहोत. सकाळी नेतो, दिवे लागायच्या आत आणून लावतो." चालवायला त्यांचा नातू होता. बारा वर्षांचा असल्यापासून ट्रॅक्टर चालवणारं, हाताला अगदी शांत असलेलं पोरगं. मामांचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं तोच मी म्हणालो, "मीच येतो ना मामा. मीच नेतो सगळ्यांना." मामा क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "नको नको. तुझी रजा कशाला मोडतोस. बघतो मी काहीतरी." आणि लगेच शेंगांना किती शिट्ट्या झाल्या ते विचारायला लागले. अकराच्या बसनं ते गेले. बुधवारी साडेतीन हजारांची भाड्याची गाडी करून सगळे उदगीरला जाऊन आले, हे मला नंतर मामींच्या फोनवरून कळलं.

मी खोटं बोललो नव्हतो. खरंच गेलो असतो. रजा टाकली असती, वाटेत सगळ्यांना चहा पाजला असता, परत येताना देवणीच्या बाजारापाशी थांबलो असतो. पण मामांनी मला मागितलं नव्हतं. त्यांनी किल्ली मागितली होती.

त्या रात्रीपासून आमच्या गावच्या घरातला एक खिळा डोळ्यांपुढून जात नाही. माळवदाचं घर, ढाळजेतून आत आलं की डावीकडचा सागवानी खांब, आणि त्या खांबाला माणसाच्या खांद्याच्या उंचीवर ठोकलेला घोड्याच्या नालाचा जुना खिळा. आधी त्याला कंदील असायचा. कंदील गेला आणि १९९९ साली तिथं मारुतीची किल्ली आली. आबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज, त्या साली बऱ्यापैकी आलेली तूर आणि आईच्या पाटल्या, एवढ्यावर पंचाण्णव हजारांना १९९४ सालची पांढरी मारुती ८०० पुण्याहून आणली होती. एमएच बारा. लातूरचा आकडा चोवीस, त्यामुळं गावात कितीतरी वर्षं तिला 'पुण्याची गाडी' म्हणायचे. ती आली त्या संध्याकाळी आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि किल्लीला तुळजापूरचा लाल दोरा बांधला. गाडीत पेट्रोलचा, तापलेल्या रेक्झिनचा आणि उदबत्तीचा मिळून एक वास असायचा. सीटवर टॉवेल अंथरलेले. थंडीच्या दिवसांत चोक ओढून ती चालू करायची, मग दोन मिनिटं ती दारात उभी राहून धापा टाकायची आणि गल्लीतली सगळी कुत्री उठून बसायची.

मी गाडी शिकलो ती मामांकडून. सुट्टीत औसा तालुक्यातल्या त्यांच्या गावी, तेरणेकाठच्या गाडीवाटेवर. चार गिअर, बारा इंची चाकं, तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन. मामा शेजारी बसून एकच सांगायचे, "पाय हळू सोड, जनावराला दावं सैल करतो तसा." मी पहिल्याच दिवशी ती बाभळीला घासली. डाव्या दारावर हातभर ओरखडा. मला घाम फुटला होता. मामांनी उतरून ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "झाली आता आपली गाडी. आतापर्यंत पुण्याची होती."

तो ओरखडा शेवटपर्यंत बुजवला नाही. त्यानंतर किती जणांनी गाडी नेली याचा हिशोब कुणी ठेवला नाही. शेजारच्या काकूंच्या सुनेला रात्री दीड वाजता कळा सुरू झाल्या तेव्हा आबांना उठवलंसुद्धा नाही. काकांनी दार ढकललं, खांबावरची किल्ली काढली, आणि सकाळी आबा उठले तर अंगणात गाडी नव्हती आणि काकू पेढे घेऊन आल्या होत्या. दहावीच्या परीक्षेला केंद्रावर पोरं सोडायला, मयताला लांबून येणाऱ्या लेकीला स्टँडवरून आणायला, नवरदेवाला झेंडूच्या माळा लावून मिरवायला, नवरात्रात तुळजापूरला, मोंढ्यातून पट्टीचे पैसे आणायला. नेणारा पेट्रोलचं विचारायचा नाही आणि आबा सांगायचे नाहीत. गाडी परत आली की काटा आधीच्यापेक्षा वर असायचा. नसला तर समजायचं की नेणाऱ्याची अडचण मोठी होती. एकदा भर श्रावणात मामांच्या शेताकडं जाताना ती काळ्या मातीत पार पोटापर्यंत रुतली. आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात बैलसुद्धा जपून पाय टाकतो. बांधावरून चौघं-पाच जण आले, दोघं पुढून, तिघं मागून, 'बोला पुंडलिक वरदे' म्हणाले आणि गाडी उचलून कडेला ठेवली. जेमतेम साडेसहाशे किलोची गाडी. माणसांना उचलता येत होती.

ती बिघडायची, पण तिचं बिघडणंही आवाक्यातलं होतं. औशाच्या रस्त्याला लिंबाखाली एक मिस्त्री बसायचे. ते म्हणायचे, मास्तर, दहाचा आणि बाराचा पाना असला की ह्या गाडीचं निम्मं काम होतं. कार्ब्युरेटर उघडून पेट्रोलमध्ये धुवायचे, नोझलला तोंड लावून फुंकर मारायचे आणि शंभर रुपये घ्यायचे. आरसा फुटला तर जुन्या बाजारातून आरसा यायचा. कुणाकडून बंपर दबला तर तो संध्याकाळी मान खाली घालून यायचा, आबा म्हणायचे "बस, चहा घे", आणि चहा संपेपर्यंत बंपरचं प्रकरण संपलेलं असायचं. आबांचं मन मोठं होतं हे खरं. पण मला आता वाटतं, त्या मनाला ती गाडी परवडत होती. दीडशे रुपयांच्या बंपरसाठी माणूस तोडावा लागत नाही. आबा आज असते आणि माझी गाडी त्यांच्या दारात असती, तर त्यांनी ती किल्ली खांबाला लावली असती का, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

१४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली इंडियन एअरलाइन्समधल्या एका नोकरदाराच्या हातात दिली. किंमत ४७,५०० रुपये. नोकरदार माणसाच्या हातात मोटारीची किल्ली, ही तेव्हा केवढी गोष्ट होती! ती गोष्ट त्या हातातून आमच्या खांबापर्यंत यायला सोळा वर्षं लागली, तीही पुण्यात पाच वर्षं वापरून झाल्यावर. पण आली. मराठवाड्यात बहुतेक गोष्टी अशाच येतात, उशिरा आणि कुणीतरी वापरलेल्या. त्याचं आम्हाला कधी वाईट वाटलं नाही.

वाईट वाटायला सुरुवात नेमकी कधी झाली, ते शोधतो तेव्हा मला २०१० चा ऑक्टोबर आठवतो. औरंगाबादच्या मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या. ६५ कोटींची खरेदी, त्यातला मोठा भाग बँकेच्या कर्जाचा, आणि तेही ट्रॅक्टरच्या कर्जापेक्षा कमी व्याजानं. आबांनी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली होती. ओसरीवर बसलेल्यांना खरोखर अभिमान वाटला, मलाही वाटला. आपल्याला मागास म्हणतात ना, आता म्हणा म्हणावं. एका कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "मग आपली आता काय गाडी म्हणायची का?" सगळे हसले. आबाही हसले, पण त्यांनी पेपर घडी घालून ठेवला. वर्षा-दीड वर्षापूर्वीच लाख रुपयांची नॅनो आलेली होती. स्कूटरवर भिजत चाललेलं चार माणसांचं कुटुंब बघून रतन टाटांच्या मनात ती आली, असं सांगायचे. आमच्याकडं स्कूटरवर भिजणारी कुटुंबं हजारोंनी होती. पण सोयरीक जुळवताना 'मुलाकडं फोरव्हीलर आहे' असं सांगितल्यावर पुढचा प्रश्न यायचा, "कोणती?" त्या प्रश्नाला नॅनो हे उत्तर द्यायला कुणी तयार नव्हतं. सगळ्यात स्वस्त म्हणून जिची ओळख करून दिली, ती दारात लावायला माणसं लाजली. आता तर त्या प्रश्नाचं उत्तर उंच, रुंद, काळ्या काचांचं असावं लागतं. मुलीचा बाप शेत विकून ती गाडी मांडवात उभी करतो, हे मी दोन लग्नांत डोळ्यांनी पाहिलंय आणि दोन्ही वेळा जेवून आलोय.

माझी स्वतःची पहिली गाडीही लहानच होती. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या वर्षी तिची मागची सीट काढून मी शेतातल्या बोअरचं पाणी वीस-वीस लिटरच्या कॅनमध्ये भरून आणायचो. चार महिने ती धुतली नाही. काचेवर बोटानं पोरांनी नावं लिहिलेली. आमच्या वाड्यातली चार घरं त्या पाण्यावर होती आणि ज्याला वेळ असेल तो गाडी घेऊन जायचा. तेव्हा किल्ली फ्रिजवर असायची. खिळा गेला होता, सवय शिल्लक होती.

मग २०१८ मध्ये माझे एक सहकारी नांदेड रस्त्यावर गेले. रात्रीची वेळ, पुढं उसाची ट्रॉली, मागं दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. गाडी लहान, एअरबॅग नसलेली. स्टिअरिंग छातीत घुसलं होतं. त्यांच्या मुलीनं मला विचारलं, "काका, गाडी चांगली असती तर पप्पा वाचले असते का हो?" मी काही बोललो नाही. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं भारतातल्या पाच लहान गाड्या आदळून पाहिल्या होत्या आणि मोठ्या माणसाच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले होते. ती बातमी मी वाचलेली होती, विसरलेली होती. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मला माझ्या गाडीचं दार लावताना होणारा पत्र्याचा आवाज ऐकू यायला लागला. म्हणून २०१९ च्या जुलैपासून प्रत्येक नव्या गाडीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, पुढं शेजारच्यासाठीही झाली, याचं मला दुःख नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले, त्याचंही नाही. लहान गाडी महाग होण्याची ती कारणं आहेत, आणि ती कारणं योग्य आहेत. स्वस्ताईतला काही भाग माणसांच्या छातीवरून येत होता, हे मी नाकारणार नाही. पण एका गोष्टीचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. हे सगळं करताना बाकीची गाडी स्वस्त ठेवायची, अशी धडपड पुन्हा कुणी का केली नाही? २०१४ मध्ये ८०० बनणं थांबलं. २०२३ च्या मार्चअखेर अल्टो ८०० गेली. मधल्या काळात सँट्रो एकदा गेली, परत आली, पुन्हा गेली. २०१५-१६ या वर्षात पाच लाखांच्या आतल्या गाड्या देशात नऊ लाखांहून जास्त विकल्या गेल्या होत्या. २०२४-२५ मध्ये तो आकडा पंचवीस हजारांच्या आसपास आला. शंभरातल्या तीनसुद्धा उरल्या नाहीत. आणि त्याच सुमारास, २०२४ साली, देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी होती टाटांची पंच, उभ्या अंगाची.

मीही तेव्हा रांगेतच होतो. शोरूममध्ये मी लहान गाडीची चौकशी केली तेव्हा ती तिथं उभीच नव्हती. मागं यार्डात आहे म्हणाले. पुढं काचेत जी उभी होती तिच्यात आम्हाला बसवलं, पोरांनी छताची काच उघडून बघितली, बायको म्हणाली बसायला किती उंच आहे. साडेबारा लाख. सात वर्षं, चौऱ्याऐंशी हप्ते. हिशोब असा मांडला होता की रोजचा आकडा चहा-नाष्ट्याएवढा दिसावा. मी सही केली. गाडी चांगली आहे. पोरं मागं झोपली की मला समाधान वाटतं, आणि पावसात नांदेड रस्त्यानं जाताना मी त्या सहकाऱ्यांना आठवून सीटला टेकून बसतो. पण ती आल्यापासून माझ्या घरात किल्लीची जागा बदलली. आता ती कपाटात असते, माझ्या बनियनच्या घडीखाली.

मामांचं वेगळंच. आबांची ८०० मी लहान गाडी घेतली तेव्हा मामांकडं गेली. त्यांनी ती बारा वर्षं नेकीनं चालवली. २०२४ मध्ये तिची नोंदणी संपली. नूतनीकरण करावं का, या विचारात वर्ष गेलं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाडीची फी दहा हजार झाली. वर ग्रीन टॅक्स, फिटनेस, गंजलेला तळ. गाडी गोठ्यात उभी राहिली. मग बातमी आली की लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येणार. मामांनी फोन केला. अल्टोची सुरुवातीची किंमत ३,६९,९०० होणार हे त्यांना पाठ होतं. रस्त्यावर यायला चार लाख तीस-चाळीस हजार लागतील, हेही त्यांनी काढलं होतं. आमच्याकडं कशाचीही किंमत शेवटी क्विंटलात मोजतात. चार हजारांच्या भावानं एकशे दहा क्विंटल सोयाबीन. बारा एकरांत एवढं होत नाही, पण दोन वर्षांचं थोडं मागं टाकलेलं आणि यंदाचं मिळून दसऱ्याला गाडी दारात, असं ठरलं. २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांवर गेलं तेव्हा मामांच्या घरात एक कट्टा शिल्लक नव्हता. यंदा तसं होऊ द्यायचं नव्हतं.

नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला. घटस्थापनेचा दिवस. त्याच दिवसांत तेरणा आणि मांजरा पात्राबाहेर आल्या.

मी पाणी ओसरल्यावर गेलो होतो. शेतात गुडघाभर गाळ, त्यात आडवं झालेलं सोयाबीन, शेंगांना जागेवर मोड आलेले. कुजलेल्या सोयाबीनला आंबूस, गोडसर वास येतो. तो कपड्यांना लागला की दोन धुण्यांत जात नाही. मामा बांधावर उभं राहून शेंग उकलून बघत होते. गाडीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. शहरात मात्र त्या आठवड्यात शोरूमच्या दारात फुगे लागले होते, नारळ फुटत होते. ज्यांच्यासाठी पहिल्यांदाच काही स्वस्त झालं, त्यांच्याच हातात त्या आठवड्यात काही नव्हतं.

हे सगळं मला माहीत होतं. मार्गशीर्षात मामा शेंगांची पिशवी घेऊन आले तेव्हा माहीत होतं. गोठ्यातली गाडी रस्त्यावर काढता येत नाही म्हणून ते आलेत, दसऱ्याची गाडी गाळात गेली म्हणून आलेत, नातीच्या सासरच्यांसमोर भाड्याच्या गाडीतून उतरायला नको म्हणून आलेत. तरी माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं? ऑटोमॅटिक गिअर पोराला जमेल का. विम्यात दुसऱ्यानं ठोकलेलं बसतं का. उरलेले एकसष्ट हप्ते. आणि डावं दार.

परवाच्या रविवारी मी मामांच्या गावी गेलो. मामा काही झालंच नाही असे वागले, त्यानं जास्त लागलं. सोयरीक जवळजवळ ठरली आहे. मुलगा ग्रामसेवक आहे, माणसं चांगली आहेत. गोठ्यात आबांची गाडी होती. टपावर कडब्याच्या दोन पेंढ्या, आत मागच्या टॉवेलवर एक कोंबडी बसलेली. डाव्या दाराच्या ओरखड्यावर गंज चढून तो आता काळसर झालाय, पण बोट फिरवलं की खाच लागते. मामांच्या ढाळजेत आबांच्याच खांबावरचा तो खिळा आहे. घर पाडलं तेव्हा मामांनी खांब मागून नेला होता. खिळ्याला लाल दोऱ्याची जुनी किल्ली अजून होती. मी खिशातून माझी किल्ली काढली, तिची कडी त्याच खिळ्यात अडकवली आणि नातवाला ऐकू जाईल असं म्हणालो, "इथं ठेवलीय रे. कुठं जायचं असलं तर घेऊन जा." मग मामांबरोबर शेतात गेलो. हरभरा बरा आहे. गाळाखालची ओल त्याला पुरली. मामा सांगत होते, मी ऐकत होतो, आणि माझं लक्ष गावाकडून कधी इंजिनचा आवाज येतो याकडं होतं.

दोन घंट्यांनी परत आलो. गाडी होती तिथंच होती. खिळ्यावर एकच किल्ली होती, लाल दोऱ्याची. मी इकडंतिकडं बघतोय हे पाहून मामी आतून आल्या, हात पदराला पुसत. "काढून ठेवली बाबा," त्या म्हणाल्या, "लेकरं हात लावतेत." आणि देव्हाऱ्यातून, देवांच्या शेजारी रुमालात गुंडाळून ठेवलेली किल्ली त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.